मुठीतला विडा

गुणाजी म्हात्रे आणि तुळसा यांचं काहीतरी आहे, ही बातमी ठाकुर्लीकडून कल्याणात आगगाडीच्याही आधी येऊन पोचली. भर दुपारी गडीमाणसं मिठागरावर गेली की हा साठीचा बाप्या त्या विधवेच्या मागल्या दाराशी दिसतो म्हणे. हातात झाकलेलं मडकं. मडक्यात काय असावं, यावर आमच्या मामलेदार कचेरीच्या ओट्यावर रोज खल चाले. कोणी म्हणे ताडी, कोणी म्हणे कोंबडीचा रस्सा. एक पोक्त गृहस्थ (नाव सांगत नाही, त्यांचे नातू माझ्याच आळीत राहतात) डोळे मिचकावून म्हणाले, "या वयात माणूस एवढं ओझं घेऊन उन्हात चालतो, म्हणजे प्रकरण गंभीर आहे!"

मी त्या कचेरीत कारकून होतो. तालुक्यातल्या सगळ्या भानगडी माझ्या नाकाखालून जायच्या, त्यातलीच ही एक. डोंबिवलीला तेव्हा अजून स्टेशन व्हायचं होतं.

गुणाजी खाडीकाठच्या आगरी गावातला, मिठागरात राबणारा. गावाच्या पाच पंचांतला पाचवा. त्या पंचांची रीत अशी, की देवळासमोरच्या पारावर तबकात पाच विडे ठेवायचे. भांडण ऐकून झालं, निवाडा ठरला, की पाटील एकेकाला पुढे बोलावणार. ज्याला निवाडा मान्य, त्यानं विडा उचलायचा. पाचही उचलले तर निवाडा झाला. एक जरी तबकात राहिला तरी नाही झाला. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. चौघांनी मिळून एकाला गप्प करायची सोय त्यात नव्हती.

आणि गुणाजी म्हणजे विडा न उचलण्यात पटाईत. एकदा दगडूला बकरीच्या भांडणात दंड करायचा घाट घातला, तेव्हा याचा विडा तबकात पडून पडून वाळला. काळुराम पाटील वैतागून म्हणाला, "उचल रं बाबा, बैल उपाशी हायेत."

"तुमी जा, बैलांना चारा घाला. मी बसतो."

"आनि मंग?"

"मंग या. मी हितंच हाय."

शेवटी दंड रद्द झाला. दगडूची बायको पुढे कित्येक दिवस गुणाजीच्या घरी बकरीचं दूध पाठवी आणि गुणाजीची बायको "वास येतो" म्हणून नाक मुरडी.

या हट्टाचं मूळ कल्याणात होतं. चातुर्मासात इथल्या देवळात एक पुराणिकबुवा राजधर्म सांगत. गुणाजी मीठ विकायला आला की बाहेर पायरीशी बसून ऐके. बुवा सांगत, राजा धर्माहून मोठा नाही. आणि सभेत बसलेला माणूस अन्याय पाहून गप्प राहिला, तर त्या अन्यायाचा वाटा त्याच्याही पदरात पडतो. एकदा गुणाजीनं पायरीवरूनच विचारलं, "बुवा, आमचा पार पन सभाच का वो?"

"सभाच की."

"मंग आमी पन राजेच म्हना!"

मंडळी हसली. शेजारी एक नवे वकील बसले होते, पगडी नवी, अक्कलही नवी. ते म्हणाले, "हे पोथीतलं पोथीत राहू द्या. राज्य कसं चालवावं हे आपल्या लोकांना कधी ठाऊकच नव्हतं, ते आता साहेब शिकवील." पुढे हेच वकील म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत आपटले, पण तो किस्सा वेगळा.

मग तुळसाचं प्रकरण उभं राहिलं. नवरा गेला आणि दिरानं तिचा मिठागरातला हिस्सा दाबला. दीर काळुरामाच्या बैठकीतला, त्यामुळे पंच आज बसू, उद्या बसू करत राहिले. तुळसा तोंडाची फटकळ. एके दिवशी सरळ चालत कल्याणला आली आणि मामलेदारापुढे अर्ज ठेवून गेली.

गाव पेटलं. गावचं भांडण सरकारात नेलं, म्हणजे पाराचा अपमान. वाळीत टाका! विहीर बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद.

गुणाजी विडा उचलणार नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तुळसानंही. पण त्याच्या मुलीचं, जयाचं, लग्न काळुरामाच्या पुतण्याशी ठरलं होतं. चौघांचे विडे उचलून झाल्यावर काळुराम गुणाजीकडे वळला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "या व्याही. जयाच्या हळदीला कोन कोन येनार, ते बी आजच ठरवून टाकू."

एवढंच बोलला. धमकी द्यायचीही एक कला असते, आणि काळुराम त्यातला कसबी.

गुणाजी उठला. विडा उचलला. तोंडात मात्र घातला नाही, मूठ मिटून तसाच खाली बसला. बाकीचे चौघे चघळत होते. तबक रिकामं होतं, मुठीत कोण बघतो?

तिथून उठून तो थेट तुळसाच्या अंगणात गेला आणि मूठ उघडून म्हणाला, "मी खाल्ला नाय. ह्यो बघ."

"उचललास ना?"

"उचलला."

"मंग आता खा, मामा. वाया कशाला घालवतोस?"

जयाचं लग्न थाटात झालं. तुळसा रेल्वेच्या रुळाकडेनं चालत जाऊन गँगमनच्या झोपडीजवळच्या विहिरीचं पाणी आणू लागली. पुढे निकालही तिच्या बाजूनं लागला. सरकारनं हिस्सा दिला, पण त्यात मीठ पिकवायला गावातला एक माणूस येईना. सरकार काही फावडं घेऊन येत नाही. गुणाजीनं पार सोडला. पुराणाला यायचाही थांबला. बुवांनी विचारलं तर मीच सांगितलं, गुडघे धरलेत.

आता आमच्याकडे म्युनिसिपालटीत हात वर होतात, मोजले जातात, आणि ज्याचे थोडे तो टोपी घालून घरी जातो. काम झटपट होतं, खोटं कशाला बोला? पण एकट्या माणसाच्या 'नाही'नं सगळ्यांना थांबावं लागतं, अशी जागा मी एकच पाहिली, तो पार. साहेबानं ती मोडली असं आमचे पुढारी भाषणात सांगतात. मी मान हलवतो. म्हातारपणी वाद कोण घालणार? पण त्या दिवशी पारावर साहेब नव्हता. पाचही आमचेच होते आणि पाचवा त्यांतला सगळ्यांत चांगला होता. तुळसाला त्या पारावर पाय ठेवायचीही मुभा नव्हती, हेही आम्हांला तेव्हा कुणाला खटकलं नाही.

निकालाची नक्कल न्यायला तुळसा कचेरीत आली, तेव्हा गुणाजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, रागावू नका, पण त्या मडक्यात काय असायचं हो?"

ती रागावली नाही. तिनं सांगितलं ते असं. मडक्यात गावच्या विहिरीचं पाणी असायचं. गुणाजी ते रोज तिच्या मागल्या दाराशी ठेवून जायचा, आणि ती ते रोज ओतून द्यायची.