रेडिओतला पेरू

ह्यूस्टनला मुलाकडे आल्यापासून शेजारच्या मेक्सिकन बाईंचा रेडिओ रोज कानावर येतो. त्यातली निवेदिका सारखी ‘पेरो, पेरो’ म्हणते. मला वाटायचं, पेरूचा भाव सांगते. मुलगा पोट धरून हसला. “अगं आई, स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ म्हणजे ‘पण’!”

शेजारच्या बाई भाजी चिरता चिरता त्या रेडिओला उलट उत्तरं देतात. त्यांची नात त्यांच्याशी त्याच भाषेत भांडते. तिला कुणी शिकवायला बसलं नसेल. भाताच्या वाफेसारखी ती भाषा त्यांच्या घरभर असते. आमच्या घरात दिवसभर मराठी बोलणारी मी एकटी, आणि मी ही अशी अबोल.

परवा माझी नात सई नेहमीसारखी त्यांच्याकडे खेळून आली. म्हटलं, “पोळी देते, पण आधी हात धू.” तिला ‘पोळी’ तेवढं कळलं. तिने हात पुढे केला. मी हळूच म्हटलं, “पेरो...” आणि नळ दाखवला.

“ओ, पेरो!” हसत ती हात धुवायला पळाली.

आता दुपारी मी त्या रेडिओच्या बाजूच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसते. नातीशी बोलायचं तर आणखी थोडे शब्द हवेत.