वापरात असलेलं घर

परदेशी मदतीच्या कामांचं मूल्यमापन करणारं संशोधन केंद्र आमच्या संस्थेनं लातुरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, नुकतंच उघडलं होतं. पहिल्याच पाहणीत औशाजवळच्या पुनर्वसित गावात एक म्हातारी भेटली. भूकंपानंतर मिळालेल्या पक्क्या घरात तिनं कडबा रचला होता आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली राहत होती. मी विचारण्याआधीच तिनं सवयीनं सांगून टाकलं, माणसं किती, खोल्या किती. मग पदरानं बाजेवरची धूळ झटकत म्हणाली, "घर कसं हाय, समदे इचारून गेले. त्यात झोप लागती का, हे कुणी इचारलं न्हाई."

मीही विचारलं नाही. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. 'घर वापरात आहे' यापुढं मी खूण केली. त्या अहवालावर केंद्राला पुढचं काम मिळालं, आणि मला बढती.