मेणबाई आणि लाल बूटवाला

आमच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या तयार होतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा काढतो, मेणाच्या हिरड्या करतो आणि त्यात एकेक दात बसवतो. मेणकामात जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, तिला सगळे मेणबाई म्हणायचे. माझं टेबल तिच्या शेजारी. मी दात फार सरळ ओळीत बसवले की ती म्हणायची, "हे तोंड आहे, पियानो नाही," आणि एखादा दात हलकेच तिरपा करायची.

पियानोचा विषय तिच्या बोलण्यात कुठूनही यायचा, कारण तो तिच्या घरात होता आणि घराच्या मानानं फार मोठा होता. तिचे वडील घरसामान हलवणाऱ्या कंपनीत हमाल होते. एका कुटुंबानं घर बदललं तेव्हा पियानो नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेना. मालकीणबाई वैतागून म्हणाल्या, "कोणीतरी घेऊन जा हो हे धूड." वडिलांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्याच ट्रकमधून धूड घरी आलं, आई-वडिलांची खाट स्वयंपाकघरात गेली आणि आईनं बरेच दिवस अबोला धरला.

पियानोबरोबर एक रेकॉर्ड प्लेअर आणि जुन्या तबकड्यांचं एक खोकंही आलं होतं. त्यात एक रॉक अँड रोलची होती. कव्हरवर वाजवणाऱ्याचं तोंड अर्धंच दिसत होतं, पायातले लाल बूट मात्र पूर्ण. त्यामुळे घरात त्याचं नाव लाल बूटवाला पडलं. थोरली बहीण, म्हणजे ताई, त्या तबकडीबरोबर गायला लागली. मेणबाई तेव्हा लहान होती. तिनं पियानोचं झाकण उघडलं आणि त्या माणसाच्या मागे लागली ती कायमचीच.

शिकवणारं कोणी नव्हतं. ती तबकडी मुद्दाम सावकाश फिरवायची. तशी फिरवली की आवाज रेड्यासारखा घोगरा व्हायचा, पण एकेक सूर सुटा ऐकू यायचा. लाल बूटवाल्याचा डावा हात कधी थांबत नसे. कोणीतरी धपधप जिना चढतंय, उतरतंय, पुन्हा चढतंय, असा तो ठेका. मेणबाईनं तो इतका घोटला की जेवताना उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं टेबलावर जिना, असं चालायचं. वडील हसायचे, आई ताट सरकवून ठेवायची. पुढे कुठेतरी त्याची जुनी चित्रफीतही पाहायला मिळाली. पण कॅमेरावाल्याचा जीव त्या बुटांवर जडलेला. हात काही त्यानं दाखवले नाहीत. मग अंगठा किंचित उशिरा का पडतो, वरच्या पट्ट्यांवरून खाली घसरताना नख लागतं की बोटाची कड, हे सगळं तिला कानानंच शोधावं लागलं. बोटांची सालं निघाली. वर्षं गेली. पण शेवटी डोळे मिटून ऐकलं तर कोण वाजवतंय ते सांगता येऊ नये, इथवर ती पोचली.

एक जागा सोडून. लॅबमध्ये लागल्यावर पॉलिशच्या यंत्रात तिची उजवी करंगळी सापडली होती. सांधा जुळला, पण बोट ताठ राहिलं. लाल बूटवाला वरच्या टोकाला एकच सूर दणादण हाणतो, तिथे तिची करंगळी मागे पडायची. मग ती एक ठोका रिकामा सोडायची आणि दुसऱ्या बोटानं पुढचा सूर पटकन उचलायची. मला ते फार आवडायचं. तसं मी एकदा बोलून दाखवलं.

"ते त्याचं नाहीये," ती म्हणाली. "ती माझी उचकी आहे."

ताईचं लग्न झालं ते एका गिटारवाल्याशी. त्या दोघांनी कार्यक्रम बसवला: ताई गाणार, भाऊजी गिटार वाजवणार आणि मेणबाई लाल बूट घालून लाल बूटवाला होणार. हॉटेलांत, क्लबांत, कंपन्यांच्या पार्ट्यांत ते जायचे. आठवडाभर मेण आणि शनिवारी पियानो, असं तिचं आयुष्य ठरून गेलं. वडील गेले, आई तिच्याकडेच राहिली. लग्नाचं कोणी विचारलं की ती म्हणायची, "घरात आणखी एक माणूस? पियानोला विचारते."

मग एके दिवशी ताई घरी आली आणि म्हणाली, "हॉटेलवाल्यांनी कार्यक्रम बंद केलेत. सध्या काही महिने सुट्टीच समज." जाता जाता दारात थांबून म्हणाली, "सराव मात्र सोडू नकोस हं. हात जड होतात."

मेणबाईनं सराव सोडला नाही. रोज संध्याकाळी लॅबमधून घरी गेली की चहा घेऊन ती पियानोपाशी बसायची. आई शेजारच्या खुर्चीत विणत असायची. हल्ली आई पूर्ण वेळ बसते, पूर्वी दहा मिनिटांत कंटाळायची, असं तिनं मला कौतुकानं सांगितलेलंही आठवतं.

एक डॉक्टर आमच्याकडे नेहमी काम पाठवतात. एका कवळीचा चावा नीट बसत नव्हता म्हणून ते स्वतः आले. मेणबाईशी बोलताना सहज म्हणाले, "काल तुमच्या ताईंच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तळ्याकाठच्या हॉटेलात, दर रविवारी असतो तो. तुम्ही का नव्हता? तो उंच माणूस वाजवतो छान, पण मला सारखं वाटत होतं, पडद्यामागून तुम्हीच वाजवताय."

मेणबाईनं त्यांना कवळी दुरुस्त करून दिली. ते गेल्यावर तिनं मेणाची सुरी पुसून ठेवली आणि मला विचारलं, "रविवारी दुपारी मोकळी आहेस?"

तळ्याकाठच्या हॉटेलात काचेच्या भिंतींचा मोठा हॉल होता. आम्ही अगदी मागे बसलो. ताई गात होती, भाऊजी गिटारवर होते आणि पियानोपाशी एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस होता. पायात लाल बूट. दुसऱ्याच गाण्याला त्यानं स्टूल पायानं मागे लोटलं आणि उभ्यानं वाजवू लागला. लोक खुर्च्या सोडून उठले. डावा हात जिना चढत होता, उतरत होता. अंगठा किंचित उशिरा पडत होता. मला वाटलं, शिकला असेल बिचारा, त्यानंही तीच तबकडी ऐकली असेल.

मग वरच्या टोकाची दणादण आली. एक ठोका रिकामा गेला आणि पुढचा सूर पटकन उचलला गेला.

मेणबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. त्या माणसाच्या दहाही बोटांना काही झालेलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही हॉलच्या मागे गेलो. रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी तो मान पुसत उभा होता. मेणबाईनं विचारलं, "हे शिकलात कुठून?"

तो खूश झाला. "लाल बूटवाल्याच्या घरच्या रेकॉर्डिंगवरून. ती बाजारात मिळत नाहीत. ताईंनी कुठूनतरी मिळवलीत. एकटाच बसून वाजवतोय तो. चुकतो, परत वाजवतो. मध्ये मध्ये एक म्हातारी खोकते, त्याची आई असावी. आणि एक गंमत सांगू? तबकड्यांमध्ये त्याची ती अडखळ गाळून टाकलीय. घरी वाजवताना मात्र तो दर वेळी घेतो. खरा तो घरचाच."

त्यानं मोबाइल काढून तिच्या कानाशी धरला. ती पूर्ण ऐकत उभी राहिली. मग मोबाइल परत देत म्हणाली, "छान वाजवता तुम्ही." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच मला ऐकवेना.

तेवढ्यात ताई आली. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला.

"तू इथे कशी?"

"कार्यक्रम बंद झाला होता ना?"

"मी सांगणारच होते तुला."

"कधी?"

ताईनं त्या माणसाला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "हे बघ, लोकांना बघायलाही काहीतरी लागतं. तू वाजवतेस ते सोनं आहे, पण कवळी बसवल्यासारखी मान खाली घालून. हॉटेलवाल्यांनी सरळ सांगितलं, माणूस बदला. आमचं पोट आहे याच्यावर."

"मग मला तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू त्याला शिकवलं असतंस?"

मेणबाईनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "शिकवलं असतं."

या उत्तराची ताईनं तयारी केली नव्हती. भाऊजी कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. ती गुंडाळून झाली तरी ते गुंडाळतच राहिले.

घरी काय झालं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईपुढे उभं राहून तिनं एवढंच विचारलं, "मोबाइल कुठे ठेवायचीस?"

"लोकरीच्या पिशवीत," आई म्हणाली. "ताई म्हणाली, तुला कळलं तर हात आखडेल."

"आणि कशाला हवंय, ते सांगितलं होतं तिनं?"

"सांगितलं होतं." आईनं विणकाम खाली ठेवलं. "तुला नोकरी आहे गं. तिला दुसरं काय येतं? मला दोघी सारख्याच."

"बहिणीनं केसानं गळा कापला, ते एक वेळ समजतं," मेणबाई मला म्हणाली. "तिला स्टेज हवं होतं. पण ही रोज माझ्या हातचा चहा पिऊन बटण दाबत होती. आणि मी मनात म्हणायचे, म्हातारपणी का होईना, आईला गोडी लागली." एवढं बोलून ती साच्यांचं प्लास्टर कालवायला उठली. त्या दिवशी तिनं कालवलेलं प्लास्टर दोनदा फुकट गेलं. तसं कधी होत नसे.

तो उंच माणूस नंतर लॅबमध्ये आला. मीच त्याला निरोप पाठवून खरं काय ते कळवलं होतं. तो तिच्या टेबलापाशी उभा राहिला. "मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाला.

"ते दिसलंच मला."

"ती अडखळ काढून टाकू का?"

"टाका," ती म्हणाली. "लाल बूटवाला तिथे अडखळत नाही."

त्यानं काढायचा प्रयत्न केला असं म्हणतात. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका वाद्यवृंदानं त्याला बोलावलं आणि शिकलेलं सगळं घेऊन तो तिकडे गेला. ताई मग मेणबाईकडे आली. मुलांचं काय चाललंय, छप्पर कसं गळतंय, सगळं बोलणं झालं. शेवटी मुद्द्यावर येऊन ताई म्हणाली, "ये ना परत. दोघी मिळून करू. झालं गेलं सोड आता."

"नको," मेणबाई म्हणाली आणि तिला आणखी चहा विचारला. ती चिडली असती तर ताईला समजूत काढता आली असती. तिच्या शांतपणापुढे ताईचं काही चालेना. ताईनं तो कार्यक्रम गुंडाळला आणि आता ती लहान मुलांना गाणं शिकवते.

आई अजून मेणबाईकडेच असते, मधूनमधून आठ-पंधरा दिवस ताईकडे जाते. औषधं वेळेवर मिळतात, पथ्य सांभाळलं जातं, दवाखान्याची खेप चुकत नाही. आईला काही कमी पडलेलं मी तरी पाहिलं नाही. पियानोवर धूळ नसते, पण त्याचं झाकण मला नेहमी बंदच दिसायचं. तिनं वाजवणं सोडलं असं मी धरून चालले होते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता आई म्हणाली, "हल्ली वाजवत नाहीस का गं अजिबात?"

"वाजवते की," मेणबाई म्हणाली.

"कधी? मला तर ऐकू येत नाही."

"तू ताईकडे जातेस तेव्हा."

आईनं घास तसाच हातात धरला. मेणबाईनं तिच्या ताटात भात वाढला आणि आणखी हवाय का, असं मला विचारलं.