हातभर वायर

हवेवर श्वास घेण्यापुरताही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे मुखेडचे आमचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वीज खात्यात लाइनमन म्हणून खांबांवर काढली. खांबावरून उतरून आता बराच काळ झाला, पण त्यांचा जीव अजून तारेवरच आहे. "ज्याची वायर दिसत न्हाई, त्याचा भरोसा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी माझ्यासमोर पुढाऱ्यांना लावलंय, जावयाला लावलंय आणि एकदा, आवाज जरासा खाली घेऊन, देवालाही लावलंय.

कुठलीही नवी वस्तू दिसली की मामा आधी तिला उलट्या हाताने शिवून बघतात. तळहाताने धरलं आणि करंट असला तर हात चिकटून बसतो, उलटा हात झटक्याने सुटतो, असं त्याचं शास्त्र आहे. शास्त्र खरंच आहे, पण मामा ते आठवडी बाजारात टरबुजालाही लावतात, त्याला काय करणार! त्यांच्या खिशात चोवीस तास टेस्टर असतो. गल्लीतली लाइट गेली की लोक अजूनही वीज खात्याला फोन न करता यांच्या ओट्यापाशी येऊन उभे राहतात. मग मामा बाहेर येतात, कमरेवर हात ठेवून तारेकडे बघतात, आणि "अर्ध्या घंट्यात येती, जावा," असं म्हणून आत जातात. लाइट तीन तासांनी येते. पण लोक समाधानाने घरी गेलेले असतात.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला तो मामींमुळे. मामी पुण्याला लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेल्या, त्याला बघता बघता चार वर्षं झाली. पहिलं मूल रांगायला लागलं तोवर दुसरं आलं, आणि लेक-जावई दोघंही नोकरीला. दोन वर्षांनी मामाही गेले होते, पण बाराव्या दिवशी परत आले. त्या घरात इंटरनेट होतं आणि वायर नव्हती. मामांनी सोफा पुढे ओढून मागे बघितलं, टीव्ही सरकवला, शेवटी जावयाला विचारलं, "पाव्हणं, हे येतं कुठून?" जावई म्हणाला, "हवेतून." झालं! दुसऱ्या दिवशी मामा एसटीत. मग जावयाने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला, म्हणजे मामींचा चेहरा निदान मोठा दिसेल. मामांकडे बटणांचा फोन; बोट लागलं की चालू होणाऱ्या फोनला ते शिवत नाहीत. "आमच्या धंद्यात हात लागला की चालू होनारी चीज माणूस मारती, सर." आता लॅपटॉपला नेट कुठून द्यायचं? वरच्या खोलीत भाड्याने राहणारा, कॉलेजात भूगोल शिकवणारा मी, आणि माझा स्मार्टफोन. मी सांगितलं, मामा, हॉटस्पॉट लावतो, वायरही लागत नाही. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वह्या तपासायच्या आहेत म्हणून वर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी ते हातभर लांबीची वायर घेऊन माझ्या दारात हजर.

तेव्हापासून दोन वर्षं, रोज संध्याकाळी पाच वाजता, तोच सोहळा. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. खाली लुंगी, कारण मामींना तेवढं दिसत नाही. पायांत रबरी चप्पल, ती घरातसुद्धा, कारण लॅपटॉपला हात लावायचा असतो. मी वायरीचं एक टोक फोनला, दुसरं लॅपटॉपला लावायचो, सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करायचो. लगेच सुरू करायचं नाही. मामा विचारणार, "परमिट हाय का?" लाइनवर काम करण्याआधी सबस्टेशनची परवानगी घ्यावी लागते, तिला परमिट म्हणतात. मी म्हणायचं, "हाय, करा चालू." बोलणं संपलं की ते म्हणणार, "परमिट वापस." कधीकधी फोन नुसताच चार्ज व्हायचा आणि नेट मिळायचं नाही, तेव्हा मामा वायर चिमटीत धरून निदान करायचे, "फेज आला, न्यूट्रल न्हाई."

पहिल्याच आठवड्यात मी फोन वायरीला लावून उठायला गेलो, तर मामा खेकसले. "सर! लाइन चालू हाय आन् खालचा माणूस चालला कुठं?" त्यांचा नियम असा, की एक जण खांबावर चढला की दुसऱ्याने खाली डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, स्विचपाशी उभं राहायचं. वरचा उतरेपर्यंत जागा सोडायची नाही; न जाणो कुणी येऊन स्विच चालू केला तर वरच्याची राख! बायकोशी बोलताना कसली राख होणार, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. मी बसलो. रोज बसत गेलो, मामांपासून हातभर अंतरावर, मांडीवर फोन घेऊन.

मामींना घर बघायचं असायचं. "कढीपत्ता जगला का? दावा बरं." की मामा दोन्ही हातांवर लॅपटॉप घेऊन अंगणात निघायचे, आणि वायरीच्या टोकाला फोन धरून मागोमाग मी. मामा थांबले की थांबायचं, वळले की वळायचं. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "सर, मामांनी तुमाला दावंच लावलं की वो!" एकदा मामा मोरीकडे झटकन वळले, वायर सुटली आणि पडद्यावर मामी तोंड अर्धं उघडं ठेवून जागच्या जागी थिजल्या. मी घाईने वायर लावायला गेलो तर मामांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या जरा," म्हणाले, "लगीन झाल्यापासून हिला अशी गप बसलेली पैल्यांदा बगून राहिलो." मी हसलो. पण मामा बराच वेळ बघत राहिले, आणि ते काही हसत नव्हते.

आता माझं सांगतो. माझी बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. आम्हा बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" "जेवलो." "अभ्यास?" "चालूये." की संपलं. मधे बोलणारी जी होती ती गेली, आणि आम्हाला दोघांनाही ते काम कधी शिकवलेलं नव्हतं. कॉलेजातून खोलीवर आलो की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. अशा माणसाला रोज पाच वाजता कुणीतरी हाक मारतं, आणि पडद्यावरची एक बाई आधी नवऱ्याला न विचारता विचारते, "सर, आज काय केलं जेवायला?" मी खिचडी म्हणालो की रागावायची. मला ते फार आवडायचं. म्हणून खरं सांगायचं तर, हॉटस्पॉटचा विषय मी पुन्हा काढला नाही. मामा हट्टी होते हे खरं, पण मीही काही कमी लबाड नव्हतो.

एके दिवशी फोन लागला तेव्हा मामांच्या शर्टाचं बटण तुटलेलं निघालं आणि ते दुसरा शर्ट घालायला आत गेले. मामी पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"सर, हे हायत का तिथं?"

"शर्ट बदलायला गेलेत."

"मग ऐका. लेकीनं मोठं घर घेतलंय. माजी खोली येगळी केली. आता कायमचीच ऱ्हा म्हनती. रविवारी व्हय का न्हाई ते सांगायचंय तिला."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"मला यायचंय वो घरी. पर लेकीला काय सांगू? बाबांनी बोलावलं म्हनलं की ती गप बसंल. आन् ह्यांनी चार वर्सांत एक डाव 'ये' म्हनलं न्हाई. कढीपत्ता दावत्यात, मोरी दावत्यात. तुमी राग मानू नका सर. पर तुमच्यासमोर ते कसं म्हनतील? सासूबाई होत्या तवर त्यांच्यासमोर माज्याकडं बगत बी नव्हते."

मामा बटणं लावत आले, आणि मामींनी लगेच विचारलं, "पाण्याची टाकी धुतली का?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दोन वर्षं मी एका नवरा-बायकोच्या मधे हातभर अंतरावर बसून राहिलो होतो आणि वर स्वतःला परोपकारी समजत होतो. एवढी भूगोलाची पदवी घेतलेला माणूस, पण आपण नक्की कुठे बसलो आहोत हे मला कळलं नव्हतं. लाज वाटली. आणि मी उठलो तर माझं पाच वाजता काय होणार, हेही त्याच वेळी मनात आलं. ते लपवून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी वायर न घेताच खाली गेलो. "मामा, आज हवेतून." मामांनी तोंड उघडायच्या आत मी पुढे म्हणालो, "तुमचा नियम मोडत नाही. फोन माझ्या खिशात राहील, मी बाहेर पायरीवर बसतो. डीपीवरून हलणार नाही. तुम्ही उतरेपर्यंत कुणाला स्विचला हात लावू देत नाही." मामा घुटमळले. नियमात खोट सापडेना. मी हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपवर पासवर्ड टाकला, मामींचा चेहरा आला तसा बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

मामा फोनवर नेहमी एका खांबावरून दुसऱ्या खांबावर ओरडावं तसं बोलतात. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातं. सुरुवातीला तेच चाललं, टाकी, पाणी, शेजारच्यांचं बांधकाम. मग आवाज बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. फोन काढून बघितला, सगळं ठीक होतं. मग आतून आवाज आला, पण इतका हळू, की मामांचं बोलणं दोन वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही. मी पायरीवर बसून राहिलो. शेजारीण म्हणाली, "आज सोडलं व्हय तुमाला?" मी मान हलवली.

बऱ्याच वेळाने मामा बाहेर आले. माझ्याकडे न बघता तारेकडे बघत म्हणाले, "सर, हवा बी चालती की बरी."

"काय म्हणाल्या मामी?"

"ती काय म्हननार," मामा म्हणाले. "मीच म्हनलो." आणि आत निघून गेले.

दहा दिवसांनी मामी आल्या. मामा सकाळपासून स्टँडवर जाऊन बसले होते, आणि येताना रिक्षा न करता दोन्ही पिशव्या स्वतः उचलून, गल्लीतल्या प्रत्येक घरावरून मुद्दाम सावकाश चालत आले. मामींकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे. त्या नातवंडांशी घरभर फिरत बोलतात आणि मामा वाटेत आले तर त्यांना ढकलतात. लॅपटॉप कपाटावर गेला. खालून दिवसभर भांडण ऐकू येतं, मीठ जास्त झालं, पंखा बंद करा, ही चप्पल घरात कशाला. मामी मला न चुकता भाजी पाठवतात. सगळं चांगलं झालं, आणि पाच वाजता मला कुणी हाक मारत नाही.

परवा पाच वाजता मीच मुलाला फोन लावला. जेवलास का, अभ्यास, झालं. तो ठेवणार तेवढ्यात मी म्हणालो, "रविवारी ये ना."

"काही काम आहे का, पप्पा?"

"काम काही नाही. ये."

मग तो म्हणाला, "प्रोजेक्ट चालूये. बघतो."

बघतो म्हणाला, नाही म्हणाला नाही. मी लगेच खाली गेलो आणि मामींना विचारलं, दोन माणसांच्या वरणाला डाळ किती घ्यायची असते.