पारूबाईंना माहीत असलेलं गाव

मुकुंदवाडीत पारूबाईंच्या दारात गेलं की आधी कपडे दिसतात, मग पारूबाई. लोकांच्या जुन्या साड्या, धोतरं, शाळेचे शर्ट, लेकरांचे फ्रॉक. पिशोरहून शहरात आल्यापासून, पस्तीस वर्षं, त्या गोधड्या शिवतात. वरून साडी, आत जुन्या कपड्यांचे थर. आधी प्रत्येक कपडा उसवायचा, बटणं काढायची, कापड सपाट करायचं. काम किचकट. नजर कमी झाली तसं ते त्यांना जड जाऊ लागलं.

थंडी सुरू झाली तेव्हा पुलाखाली एक बाई येऊन राहिली. तिशीची असेल. पारूबाईंनी तिला भाकर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तिनं येऊन पारूबाईंचं अंगण झाडलं. तिसऱ्या दिवशीही. फुकट खायला तिचं मन घेत नव्हतं. मग पारूबाईंनी तिच्या हातात ब्लेड आणि एक जुना शर्ट दिला, शिवण दाखवली. थोड्या वेळात शर्टाचे तुकडे नीट घडी होऊन समोर आले.

तिची भाषा मात्र कळेना. शेजारच्या इमारतीत फरशी बसवणारा मुनीब पाणी मागायला आला, आणि तिचं बोलणं ऐकून दारातच थांबला. दोघं बराच वेळ बोलले.

"हमारे उधर की है, मावशी. बंगाल, मुर्शिदाबाद. जाहेदा नाम है. नदी के इस पार मेरा गाँव, उस पार इसका. चरकुसुमी."

करमाडजवळच्या वीटभट्टीवर ती नवऱ्याबरोबर आली होती. एक दिवस नवरा निघून गेला. तिचे ओळखीचे कागद त्याच्या पिशवीत होते. मुकादमानं तिला हाकललं.

"म्हंजी माहेरचा माणूस भेटला तिला," पारूबाई म्हणाल्या. "आता साडीचोळी कर."

"पहले ठेकेदार मेरे को एक शर्ट तो दे."

पारूबाईंनी गावाचं नाव पाठ करून ठेवलं.

जानेवारीत मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरू लागले. बाहेरच्या बायका आहेत, एवढंच त्यात असायचं. गल्लीतल्या आया लेकरांना शाळेतून हाताला धरून आणू लागल्या. पारूबाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्याच आठवड्यात त्या वारलेल्या चुलत भावाच्या पुण्यानुमोदनाला दोन दिवस पिशोरला गेल्या. जाताना जाहेदाकडे उसवायला एक गाठोडं दिलं. बाळाच्या गोधडीचं काम होतं. त्यात नुसते लहान फ्रॉक, झबली, टोपडी. पस्तीस वर्षं हेच कपडे हाताळलेल्या बाईच्या मनात दुसरं काही आलं नाही.

ते गाठोडं जमावानं पुलाखाली उघडलं.

मोनाली त्या गर्दीत होती. पारूबाईंचं जुनं गिऱ्हाईक. एक पिवळा फ्रॉक बघून ती म्हणाली, "हा तर माझ्या लेकीचा." मग कुणीच थांबलं नाही.

"मी पुढं सांगणार होते, की मीच गोधडीला दिलाय म्हणून," तिनं नंतर पारूबाईंना सांगितलं. "पण तोवर मारायला लागले. माझी जीभच हलली नाय, मावशी."

परतल्या तशा पारूबाई मोनालीला घेऊन ठाण्यात गेल्या. सोबत अर्धी शिवलेली गोधडी नेली. हवालदार सुदर्शननं गोधडी उलटीपालटी करून पाहिली. जमावाच्या हातून सोडवून आणलेली जाहेदा आत बाकावर बसली होती. एक डोळा सुजून मिटला होता.

"फ्रॉकचं मिटलं," तो म्हणाला. "पण बाई कोण? कागद नाय. बोलती बांगला. उद्या दुपारी वरचे लोक येतेत, घेऊन जातेन."

"कुठं?"

"मला काय म्हाईत. हद्दीपार, बांगलादेशात."

"मुर्शिदाबादची हाय ती. आपल्याच देशात येतं की ते."

"समदे तेच सांगतेत, मावशी. वळखणारं कुणी आना, मग बघू."

त्या तशाच मुनीबकडे गेल्या. तो गुडघ्यावर बसून सिमेंट पसरत होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

"उसके भाई को फोन किया. जनम का दाखला, सब लेकर निकल रहा है. तीन दिन लगेंगे."

"मग चल. एवढंच सांग तिथं."

मुनीबनं हातातली थापी खाली ठेवली नाही. "मावशी, मेरी जबान भी वही है. पिछले महीने पुलिस ने हमारे दो लड़के उठाए. आधार दिखाया तो बोले नकली है. एक वापस आया." सिमेंट सपाट करत तो म्हणाला, "आप बोलो तो आता हूँ."

पारूबाई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर तो उठला असता.

"नको," त्या म्हणाल्या. "सिमेंट वाळंल. काम कर तुझं."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळपासूनच ठाण्याच्या पायरीवर बसल्या. दुपारी सुदर्शन बाहेर आला.

"तिच्या गावाचं नाव चरकुसुमी हाय," पारूबाई म्हणाल्या. "लिवून घ्या."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"तुमाला बांगला येती?"

"नाय."

"मग?"

"तीन दिवस ठिवा तिला," त्या म्हणाल्या. "भाऊ येतोय तिचा."

"हे कसं कळलं? तिच्याकडं फोन नाय." त्यानं आवाज खाली आणला. "मावशी, कुणी बोलणारा असंल तर नाव सांगा. मी आत्ता साहेबांपुढं उभा करतो त्याला. माझ्यानं एवढंच हुईल."

नाव पारूबाईंच्या तोंडात होतं.

"कुणी नाय," त्या म्हणाल्या.

गाडी आली. जाहेदाला बाहेर आणलं. पारूबाई दिसताच ती थांबली आणि भरभर बोलू लागली. बरंच काही बोलली. मध्येच काहीतरी विचारलंही, कारण ती उत्तरासाठी थांबली. पारूबाईंनी मान हलवली. "व्हय," म्हणाल्या. "व्हय बाई." काय विचारलं होतं, कोण जाणे. गाडीचं दार लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी पारूबाईंच्या दारात एक माणूस उभा राहिला. मुनीब त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडून मागं फिरला होता. त्या माणसानं जाहेदाचं नाव घेतलं. पारूबाईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या बाजूला ठेवला, प्लास्टिकची पिशवी उघडली आणि एकेक कागद काढून त्यांच्यापुढं मांडू लागला. प्रत्येक कागदावर बोट ठेवून तो काहीतरी सांगत होता. पारूबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याला थांबवायचं कसं, तेही कळत नव्हतं.