भिंगरीच्या अकरा बाटल्या

लॉन्ड्रीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सदरा टेबलावर पडला की कॉलर, बाह्या, पाठ, घडी, आणि हिचा हात पुढच्या सदऱ्यावर. दवाखान्यात पोटात ठेवलेला गर्भ तिसऱ्यांदाही रुजला नाही असं कळलं, त्या दुपारीसुद्धा ती कामावर आली. ढीगभर चादरी संपवल्या आणि शेवटी एक अभ्रा करपवला.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, शांत माणूस. तो म्हणाला, "थोडं थांबू या का?"

"सदतिसावं लागलंय मला. थांबायला सांगतोस?"

काहीतरी करत राहायला हवं होतं. नणंदेनं एक बाटली दिली. तिच्या मैत्रिणीला गुण आला होता म्हणे. सासूबाईंनी पावडर आणली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवल्या. बाकीचं भिंगरीनं मोबाईलवर शोधून मागवलं. दीड महिन्यात फ्रिजवर अकरा बाटल्या झाल्या. सकाळी पाच गोळ्या, दुपारी चार, मध्येच आठवली तर आणखी एक. डोकं ठणकायचं, ओठांची सालं निघायची. ती म्हणायची, औषध लागू पडतंय.

चौथ्या खेपेची तयारी करायला दोघं दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंचं लक्ष आधी ओठांकडे गेलं.

"हे काय झालंय?"

"वाफेत काम असतं ना."

नवरा खाली बघत पुटपुटला, "बाटल्यांचं सांग की."

दुसऱ्या दिवशी बाटल्यांची पिशवी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रिकामी झाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून एकेक लेबल वाचलं. "अ जीवनसत्त्व चार बाटल्यांत आहे. एवढं पोटात गेलं तर गर्भाला अपाय होऊ शकतो. हे सगळं बंद."

भिंगरीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच...?"

"मागच्या तिन्ही वेळी यातलं काही घेत होतात?"

"नाही."

"मग उगाच स्वतःच्या माथी मारून घेऊ नका. मी दिलेलं फॉलिक ॲसिड तेवढं चालू ठेवा. तुमच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरंच कमी आहे, ते मी देते. पण त्यानं गर्भ रुजेलच, असं सांगणार नाही. आणि अंगात साठलेलं अ जीवनसत्त्व उतरायला हवं, म्हणून आता तीन महिने थांबायचं."

थांबायचं! ते तीन महिने तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. रिकाम्या हातांना चैन नव्हती. धुतलेले पडदे पुन्हा धुतले, नवऱ्याच्या कामाच्या पँटींनाही कडक इस्त्री केली. दर दोन दिवसांनी दवाखान्यात फोन. तिथली परिचारिका "हॅलो" ऐकूनच म्हणायची, "अहो, अजून वेळ आहे."

चौथ्यांदा गर्भ ठेवला. निकालाचा फोन लॉन्ड्रीत आला. परिचारिका "रुजलाय" म्हणाली, तरी भिंगरीनं तिला तीनदा विचारलं. मग इस्त्रीचं बटण बंद करून चक्क खाली फरशीवर बसली.

बातमी कळताच नणंदेचा फोन आला. "कोणत्या बाटलीनं गुण आला गं? माझ्या जावेला सांगते."

"माहीत नाही, ताई. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. जावेला म्हणावं, आधी रक्त तपासून घ्या."

पुढचे महिने धास्तीतच गेले. पोटातली हालचाल जरा मंदावली की ती दवाखान्याची पायरी चढायची. मुलगी तीन आठवडे आधी झाली, किडकिडीत पण ठणठणीत. पहिल्या आंघोळीला सासूबाई पुढे झाल्या, तशी भिंगरी म्हणाली, "आई, आज मी घालू?" आणि पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून चारदा पाहिलं.