कबुतरांसाठी घातलेली शीळ

सेदिक यापीने चाळीस वर्षं बसगाड्यांच्या सीटा शिवल्या आणि त्याहून जास्त वर्षं तो वस्तीतल्या गायन मंडळाच्या मागच्या रांगेत गायला. शाळेत मी त्याला भूगोल शिकवला. त्यात तो ढ होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. निवृत्त झाल्यावर त्याने फोनवर मित्रांचा ग्रुप काढला. सगळे मूळचे आमच्या सॉल्ट रिव्हर वस्तीतले, आता कोणी पर्थला, कोणी टोरोंटोला. मला कशाला घेतलं कोण जाणे, बहुधा चुका सुधारायला. जुनी ढोलकीची गाणी, पाडलेल्या थिएटरात आम्ही पाहिलेल्या सिनेमांची पोस्टरं आणि सेदिकची शर्यतीची कबुतरं, असं रोज काहीतरी यायचं.

एका रविवारी त्याने व्हिडिओ टाकला. कबुतरं छपरावर उतरताहेत आणि हा खालून शीळ घालून त्यांना बोलावतोय. मी लिहिलं, चाल छान आहे, कुठली?

पाच मिनिटांत तो माझ्या दारात. पायात घरातल्याच चपला.

"टीचर, ती आमची या वर्षीची मोपी आहे."

मोपी म्हणजे आमच्या मंडळांचं विनोदी गाणं. दरवर्षी नवं, आणि स्पर्धेपर्यंत बायकोलासुद्धा ऐकवायचं नाही. खिडक्यांवर घोंगड्या टाकून तालमी चालतात. चाल दुसऱ्या मंडळाच्या हाती लागली की वर्षाची मेहनत गेली, आणि फोडणाऱ्याला पुन्हा कोणी उभं करत नाही. सेदिकच्या डोक्यात ती इतकी मुरली होती की ओठांवर कधी आली ते त्याला कळलंच नाही.

त्याने व्हिडिओ पुसला. पण तोवर पर्थच्या इब्राहिमने तो इथल्या आपल्या मेव्हण्याला पाठवून दिला होता. मेव्हणा कबुतरांचा शौकीन, आणि गायचा विरुद्ध मंडळात.

तीन दिवस सेदिक धड जेवला नाही, असं त्याची बायको रुगाया सांगत होती. गल्लीत गाडी थांबली की हा पडद्यामागे. एकदा शीळ घालत चाललेल्या पाववाल्याच्या मागे दोन गल्ल्या गेला, चाल कुठली ते ऐकायला. तालमीला मात्र जायचा, न गेलं तर संशय येईल म्हणून. मी म्हटलं, कप्तानाला स्वतः जाऊन सांग.

"कप्तान बूता गसांत मला काढून टाकतील. मग शनिवारी मी कुठे जाऊ, टीचर?"

"कबुतरांकडे जा. त्यांनीच बुडवलंय तुला."

तो हसला नाही. चौथ्या दिवशी मीच त्याला गाडीत घातलं.

गसांत नळदुरुस्ती करतो, मंडळाचा कप्तान आहे; बूता म्हणजे मोठा भाऊ, मंडळातले सगळे त्याला तसंच म्हणतात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढली.

"ते आपल्या आधी गाणार आहेत. चाल बदलायला आता वेळ नाही," तो म्हणाला. "पुढे उभा राहून तूच गायचंस, सेदिक. त्यांनी ती आधी म्हटली, तर लोक तुझ्या तोंडावर हसतील, माझ्या पोरांच्या नाही."

सेदिक हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

स्पर्धेला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. विरुद्ध मंडळ उठलं, पहिला सूर लागला. चाल निराळीच निघाली, आणि भिकार. पडद्याच्या फटीतून सेदिक दिसत होता. पुढच्या कडव्यात तरी ती येईलच, अशा चेहऱ्याने तो शेवटपर्यंत ऐकत होता.

मग त्याची पाळी. त्याने तोंड उघडलं, आवाज नाही. ढोलकीवाल्याने सुरुवात दोनदा वाजवली. शेवटी मागच्या रांगेने ओळ उचलली आणि हा नुसते हात हलवत राहिला. मोपीत हातवारे लागतातच, लोकांना वाटलं हाच विनोद. मंडळ चौथं आलं.

परतताना मी विचारलं, सुटलास ना आता?

"बाहेर पडताना तो मेव्हणा माझ्याकडे बघून हसला, टीचर," तो म्हणाला. "ती शीळ म्हणजे आमची मोपी होती, हे त्याला ठाऊक असेल का?"

मला काय माहीत? मी गाडी चालू केली.